साहेबांनी स्वतः वाढलं

शुक्रवार, ३० जानेवारी २००९. दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या कॅन्टीनमध्ये, मालक फाँग उठून उभे राहिले. मधल्या ताटातला कोंबडीच्या मांडीचा तुकडा त्यांनी आपल्या चॉपस्टिकनं उचलला आणि धम्मानंद खोब्रागडेच्या वाडग्यात ठेवला.

चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर काम सुरू होण्याचा तो पहिला दिवस होता. गोल टेबलावर मालकांसकट नऊ जण होते. धम्मानंद सोडून सगळ्यांचं खाणं थांबलं.

कँटनी मालकांची ही जुनी रीत. नववर्षानंतरच्या पहिल्या जेवणात मालक ज्याच्या वाडग्यात स्वतः कोंबडी वाढतो, त्याची नोकरी गेलेली असते. तोंडानं काही सांगावं लागत नाही. तो माणूस तुकड्याला हात लावत नाही, जेवण संपल्यावर गुपचूप आपलं सामान आवरतो. बहुतेक कंपन्यांनी ही रीत केव्हाच सोडून दिली होती. तिथे पत्र देतात. फाँग एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांच्या वडिलांनी हे असंच केलं होतं. पत्र सोमवारी मिळणार होतं.

धम्मानंद उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"थँक यू, सर. व्हेरी काइंड."

फाँग यांनी मान हलवली आणि ते चहाच्या किटलीकडे बघू लागले.

शेजारी लिम आँटी बसली होती. स्टोअर तीच सांभाळायची. ती खाली मान घालून पुटपुटली, "डोन्ट ईट लाह, नंदा. लीव्ह इट देअर."

"आँटी, आय ईट एव्हरीथिंग," धम्मानंद हसून म्हणाला.

त्यानं तुकडा खाल्ला. हाड स्वच्छ करून बशीच्या कडेला ठेवलं. मग खिशातून छोटा कॅमेरा काढून समोर बसलेल्या प्रबोध आगाशेकडे दिला.

"प्रबोधराव, एक फोटो काढता? साहेबांसोबत."

प्रबोध प्लॅनिंग मॅनेजर होता, पुण्याचा, सिंगापुरात आठ वर्षं. वर्कशॉपमध्ये मराठी हे दोघेच. प्रबोधनं दोन फोटो काढले. पहिल्यात फाँग यांचे डोळे मिटलेले आले होते.

धम्मानंद सेहेचाळीस वर्षांचा होता. वेल्डिंग इन्स्पेक्टर. मूळ भंडारा जिल्ह्यातला, घर नागपूरला. २००४च्या एप्रिलमध्ये तो सिंगापूरला आला आणि तेव्हापासून बेडोकच्या एका फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होता. तो दारू पीत नव्हता, सिनेमा बघत नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चाळीस जणांना ईमेल पाठवायचा. नातेवाईक, जुने वर्गमित्र, नागपुरातल्या वाचनालयाचे दोघे-तिघे, आणि प्रबोध. विषयाच्या जागी दर वेळी एकच मजकूर असे: 'सिंगापूरचं पत्र'.

पत्रात इथलं रोजचं जगणं आणि सणवार असत. भुतांच्या महिन्यात रस्त्यावरच्या नाटकांना पहिली रांग मेलेल्यांसाठी रिकामी ठेवतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की पुरतं, ते कुणी उचलत नाही. हरी रायाला, म्हणजे ईदला, मलाय शेजारी दार उघडं ठेवतात, ओळख नसली तरी आत जाऊन जेवता येतं. बुद्धपौर्णिमेला इथे सरकारी सुट्टी असते, कारखाने बंद असतात. हे शेवटचं त्यानं पाच वर्षांत तीनदा लिहिलं होतं.

कोंबडीबद्दल त्यानं लिहिलं नव्हतं, कारण त्यानं ते पाहिलंच नव्हतं. आधीची सगळी वर्षं भरभराटीची होती. फाँग यांनी कुणालाच वाढलं नव्हतं.

आता ऑर्डरी रद्द होत होत्या. डिसेंबरात अठ्ठावीस बांगलादेशी वेल्डर एका बसमधून विमानतळावर गेले. आणि नेमक्या याच महिन्यात धम्मानंदला घरचा निर्णय घ्यायचा होता. बायको प्रियदर्शिनी नागपूरच्या एका अनुदानित शाळेत सतरा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवत होती. पक्की नोकरी. वीस वर्षं भरली असती तर पेन्शन मिळालं असतं. पण पाच वर्षांत नवरा-बायको मिळून शंभर दिवसही एकत्र राहिले नव्हते. तिचा आणि मुलीचा सिंगापुरात राहण्याचा पास मंजूर झाला होता. बिनपगारी रजा संस्थेनं नाकारली होती. राजीनाम्याला तीन महिन्यांची नोटीस लागते. एप्रिलअखेर मोकळं व्हायचं तर पत्र ३१ जानेवारीच्या आत जायला हवं होतं. म्हणजे उद्या.

पाच वाजता कंपनीची व्हॅन लागली तेव्हा लिम आँटी स्टोअरच्या दारात उभी होती. नववर्षाचे पहिले पंधरा दिवस ती अशुभ शब्द तोंडातून काढत नसे. तिच्या आईनं घातलेला नियम होता तो.

"नंदा, यू आस्क युवर फ्रेंड," ती म्हणाली. "अबाउट द चिकन. आस्क हिम टुडे, हां."

व्हॅन त्यांना बून ले स्टेशनवर सोडायची. तिथून ट्रेन. धम्मानंदला बेडोकपर्यंत जायचं असे, प्रबोध मध्ये औटराम पार्कला गाडी बदलून सेरंगूनला जाई. तिथे त्याचा कॉन्डो होता. त्या दिवशी दोघांना शेजारी जागा मिळाली.

"ती आँटी म्हणत होती तुम्हाला विचार म्हणून," धम्मानंद म्हणाला. "कोंबडीचं काय असते?"

"काय असणार? साहेबांनी वाढलं."

"सगळ्यांना वाढत नाहीत न पण."

"नाही. सगळ्यांना नाही वाढत."

 मग धम्मानंद म्हणाला, "प्रबोधराव, मिसेस उद्या राजीनामा टाकते म्हणते. मी आठवडाभर तिला थांब थांब म्हणून राहिलो. तुम्ही प्लॅनिंगमध्ये आहात, तुम्हाला आतलं कळते. टाकू देऊ का?"

"हे बघा, निर्णय तुमचा आहे."

"ते आहेच. तरी?"

प्रबोधनं घड्याळ पाहिलं. "आज जे झालं ते छानच झालं की. साहेबांचा तुमच्या बाबतीत विचार पक्का दिसतोय. आणखी काय हवं?"

औटराम पार्क आलं. प्रबोध उतरला.

१८ डिसेंबरला फाँग यांनी प्रबोधला केबिनमध्ये बोलावून कामावरून कमी करायच्या माणसाचं एक नाव मागितलं होतं. इन्स्पेक्शनला दोघे होते, धम्मानंद आणि एक मलेशियन. नाव प्रबोधनं दिलं होतं. त्याला तेवढंच विचारलं होतं आणि त्यानं तेवढंच सांगितलं होतं.

संध्याकाळी साडेसातला धम्मानंदनं बेडोकच्या मार्केटबाहेर उभं राहून नागपूरला फोन लावला.

"बोला," प्रियदर्शिनी म्हणाली. "मी पाकीट तयार करून ठेवलं आहे. दोन प्रती, तारीख टाकून. टाकू की फाडू?"

"अगं, आज साहेबांनी स्वतः वाढलं मला. सगळ्यांसमोर."

"काय वाढलं?"

"कोंबडी. मांडीचा तुकडा. ज्या काड्यांनी ते जेवत होते न, त्याच काड्यांनी उचलून माझ्या वाडग्यात ठेवला."

"आणि त्या कोंबडीवर मी सतरा वर्षांची नोकरी सोडू?"

"कोंबडीवर नाही. माणूस कसा आहे ते कळते ना त्यातून."

"त्या आगाशेंना विचारलं का?"

"विचारलं. छान झालं म्हणाले. साहेबांचा विचार पक्का आहे म्हणाले."

पलीकडे मुलगी टीव्ही बघत होती, त्याचा आवाज येत होता.

"ते म्हणत असतील तर ठीक आहे," ती म्हणाली. "त्यांना तिथलं कळते. उद्या शाळा सुटल्यावर रजिस्टर करते."

शनिवारी दुपारी पाऊण वाजता तिनं सीताबर्डीच्या पोस्टातून पाकीट रजिस्टर केलं. पावती पर्समध्ये ठेवली.

रविवारी, १ फेब्रुवारीला, धम्मानंदनं पत्र लिहिलं. नेहमीपेक्षा मोठं झालं. त्यातला एक भाग असा होता:

'माझे वडील गावच्या पाटलाकडे खळ्यावर राबायचे. तहान लागली की ओंजळ धरायची आणि वरून पाणी पडायचं. लग्नाच्या जेवणात आमची पंगत शेवटी, आणि वाढणारा भाकर दोन हात उंचीवरून टाकायचा. ताटाला हात लागू नये म्हणून. मी हे लहानपणी पाहिलं आहे. परवा माझ्या मालकानं, ज्याच्याकडे दोनशे माणसं कामाला होती, स्वतःच्या उष्ट्या काड्यांनी माझ्या वाडग्यात घास ठेवला. चिनी लोक बोलून दाखवत नाहीत, करून दाखवतात. टेबलावर एकदम शांतता झाली. अशी शांतता मी मानाच्या प्रसंगीच पाहिली आहे. फोटो जोडला आहे.'

सेरंगूनला प्रबोधनं हे पत्र दुपारच्या चहाच्या वेळी उघडलं आणि बायकोला, सुरेखाला, हाक मारली. तिनं उभ्यानंच वाचलं. फोटो मोठा करून पाहिला.

"म्हणजे यांना अजून माहीतच नाही?"

"उद्या कळेल."

"तू नाही सांगितलंस?"

"मी का सांगू? मी काय एचआर आहे?"

सुरेखानं पुन्हा फोटोकडे पाहिलं. "हात कसे जोडलेत बघ," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रबोधनं ते पत्र आपल्या अकरा मित्रांना पाठवलं. सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे सिंगापुरात. वर एकच ओळ लिहिली: 'आमच्या ऑफिसातले निरीक्षक. फोटो चुकवू नका.'

सोमवारी सकाळी आठ पस्तीसला अकाउंट्समधल्या मुलीनं धम्मानंदला पांढरं पाकीट दिलं आणि वहीत सही घेतली. एक महिन्याचा पगार. पास आजपासून रद्द. देश सोडायला तीस दिवस. खाली फाँग यांची सही होती. फाँग त्या दिवशी जोहोरला गेले होते.

"धिस इज मिस्टेक," धम्मानंद म्हणाला. "फ्रायडे बॉस गेव्ह मी चिकन."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "येस," ती म्हणाली. "दॅट्स व्हाय."

तिनं चार वाक्यांत समजावलं. तिला ते समजावावं लागेल असं वाटलं नव्हतं.

प्रबोध जागेवरच होता. धम्मानंद त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"कोंबडीचं."

प्रबोधनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "इथे ते सगळ्यांनाच माहीत असतं. मला वाटलं, तुम्हालाही असेल. इथल्या सणांवर तुम्हीच तर लिहिता."

"मी तुम्हाला मिसेसच्या राजीनाम्याचं विचारलं होतं."

"मी म्हटलं होतं, निर्णय तुमचा आहे."

"छान झालं म्हणाले होते तुम्ही."

"मग काय म्हणायला हवं होतं?" आता प्रबोधनं वर पाहिलं. "तुम्ही हात जोडून उभे होतात, खोब्रागडे. ते हाड चोखून खाल्लंत. फोटो काढायला लावलात. माणसानं मध्ये कुठे बोलायचं?"

धम्मानंदच्या हातात पाकीट होतं. त्यानं ते दुमडलं, मग उलगडून सरळ केलं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

बाहेर क्रेनखाली उभं राहून त्यानं फोन लावला. नागपुरात सकाळचे सव्वासहा वाजले होते.

"इतक्या सकाळी?" प्रियदर्शिनी म्हणाली.

"पत्र टाकलं का?"

"शनिवारीच टाकलं. तुम्हाला सांगितलं न मी."

"परत घेता येते का?"

फोडणीचा आवाज येत होता. तिनं गॅस बंद केला.

"काय झालं?"

त्यानं सांगितलं.  संपल्यावर तिनं विचारलं, "आगाशेंना माहीत होतं?"

"हो."

"तुमच्या कोंबडीवर मी हो म्हटलं नाही. त्यांचा शब्द ऐकला, आणि हो म्हटलं." मग ती म्हणाली, "ठेवा आता. साडेसातला माझा तास आहे. मधल्या सुट्टीत संस्थेच्या ऑफिसात जाते."

ती गेली. राजीनामा मागे घेत असल्याचा अर्ज तिनं २ फेब्रुवारीला सकाळी दहा चाळीसला हाती दिला. क्लार्कनं शिक्का मारला. रजिस्टर पोस्टाचं पाकीट तोवर यायचं होतं. ते दुसऱ्या दिवशी आलं. तिनं ते परत मागितलं. संस्थेचे सचिव उल्हासराव म्हणाले, "मॅडम, आलेलं पत्र परत देता येत नाही. दोन्ही कागद बैठकीत ठेवू. बैठक ठरवते."

धम्मानंदनं चौतीस ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून उत्तर आलं, दोन्हीत नाही होतं. लिम आँटीनं पंधरा दिवस उलटल्यावर त्याला बेडोकला येऊन संत्र्यांची पिशवी दिली आणि ती दारातूनच परत गेली. ३ मार्चला रात्रीच्या विमानानं तो चेन्नईमार्गे नागपूरला निघाला.

संस्थेची बैठक फेब्रुवारीच्या चौदा तारखेला होती, ती सात मार्चवर गेली. सात मार्चला गणसंख्या भरली नाही. सोळा मार्चपासून निशिगंधा नावाची बी.एड. झालेली एक मुलगी शाळेत येते. खजिनदारांची भाची. तिला नेमणुकीचं पत्र नाही. मुख्याध्यापकांनी प्रियदर्शिनीला एवढंच सांगितलं की ती मराठी आणि इतिहासाचे तास बघेल, तुम्ही कसं शिकवता ते. पहिल्या दिवशी मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. प्रियदर्शिनीनं धडा थांबवला, शेवटचा बाक खिडकीपासून आत ओढून घेतला, कारण तिथे दहानंतर ऊन येतं, आणि तिला बसायला सांगितलं. मुलगी बसली आणि वहीत लिहू लागली.

आज ३१ मार्च. राजीनाम्याची मुदत एप्रिलअखेर संपते. बैठकीची पुढची तारीख ठरलेली नाही.