एका गोटीचे पिंप

मी एक जुने मतदानाचे पिंप आहे. माझ्या अंगावर अकरा पोचे आहेत. त्यांतले नऊ एकाच संध्याकाळी पडले.

मित्रांनो, आमच्या गांबियात मत कागदावर देत नाहीत. मतदार पडद्याआड येतो, आपल्या उमेदवाराच्या रंगाचे पिंप शोधतो आणि त्याच्या नळीत काचेची गोटी सोडतो. आत घंटा वाजते, टण्! बाहेरच्यांना एवढेच कळते की मत पडले, आणि एकच पडले. कुणाला, ते कळत नाही, कारण आम्हा सगळ्यांचा आवाज सारखा. त्या दिवशी केंद्राजवळ सायकलची घंटीसुद्धा वाजवायची नसते.

चार निवडणुकांत माझ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. शाळेचे गुरुजी मुलांना म्हणत, "याला गुपित सांगा, फुटणार नाही." मग पाच वर्षे मला ओलसर कोठारात टाकून दिले. नव्या निवडणुकीआधी रंगाऱ्याने घाईघाईने माझ्यावर विरोधी उमेदवाराचा निळा रंग ओतला. त्यातला थोडा नळीतून ओघळून घंटेवर वाळला.

केंद्रप्रमुख न्यीमा फोफाना गावचीच लेक. सकाळी प्रत्येक पिंपात गोटी टाकून पाहायची असते. रांग मोठी होती. तिने फक्त देशाच्या अध्यक्षांच्या हिरव्या पिंपात एक टाकली. "वाजतंय. चला, या," ती म्हणाली आणि स्वतःचे मतही तिथेच टाकून बाहेर बसली.

अध्यक्ष दुसऱ्यांदा उभे होते. त्यांनी नदीवर पूल बांधला होता. गावाचा त्यांच्यावर जीव होता. दुपारपर्यंत शेजारी नुसते टण्, टण् चालले होते.

मग न्यीमाचे वडील आले, सांकुंग, जुने नावाडी. हिरव्या पिंपावरच्या फोटोला ते हळूच म्हणाले, "जिंकणार तूच आहेस, पोरा. पण सगळेच हो म्हणाले, तर तू ऐकायचंच विसरशील." आणि गोटी माझ्यात सोडली.

ठक्.

बाहेर हशा पिकला. "अगं बाई, पिंपाला पडसं झालं!" शेंगा सोलणारी जायनाबा म्हणाली. "की म्हातारबांनी गोटीऐवजी चघळायची कोलाची बी टाकली?"

न्यीमा हसली नाही. माझी घंटा वाजत नाही, हे तिला कळले होते. मतदान थांबवावे, तर वडिलांचे मत आपणच जाहीर केल्यासारखे होणार. तिने पुढच्या मतदाराला आत सोडले.

संध्याकाळी मोजणी झाली. हिरव्यात सहाशे बारा, माझ्यात एक. रेडिओ सांगत होता, देशभर असाच कौल. लोक नाचू लागले. मग तिजान नावाच्या तरुणाने विचारले, "ती ठक् म्हाताऱ्याचीच ना रे?"

त्यांनी सांकुंगना अंगणात ओढले. आधी चपराका, मग काठ्या, मग त्यांचेच वल्हे. मला उचलून भिंतीवर आपटले, पुन्हा पुन्हा. कुणीतरी माझी एकुलती गोटी त्यांच्या तोंडात कोंबली. "गीळ तुझं मत!" जबड्यावर लाथ बसली. दात आणि काच एकदमच फुटले.

न्यीमा त्यांच्या अंगावर पालथी पडली. "सोडा त्यांना! ती गोटी माझी होती!"

"तू सकाळी पहिली टाकलीस, ताई," तिजान हसला. "तेव्हा टण् वाजलं. सगळ्यांनी ऐकलंय."

पुढचा घाव तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिला बाजूला फेकल्यावर सांकुंगना झाकायला कुणी उरले नाही. रात्र सरायच्या आत ते गेले.

न्यीमाने मला दोष दिला नाही, रंगाऱ्यालाही नाही. डाव्या हाताने तिने जबानी लिहिली: "मी एकच पिंप तपासले."

मित्रांनो, आम्हाला हवा तो रंग द्या, नाही दिलात तरी चालेल. पण मतदानाआधी आम्हा प्रत्येकात एक गोटी टाका आणि डोळे मिटून ऐका. आवाजावरून कुठले पिंप कुठले हे ओळखता आले, तर दार उघडू नका. बाहेर रांगेत कुणाचे तरी वडील उभे असतात.