ब तुकडीची भिंत

मला कृतिका भोईरचा हेवा वाटत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, माझ्या मुलापेक्षा लहान आहे ती, तिचा कसला हेवा. अठ्ठावीस वर्षं मी डोंबिवलीतल्या एकाच शाळेत पहिली ‘अ’ला शिकवतेय. अर्ध्या गावाला अ-अननसाचा मी शिकवला. अजूनही केमिस्टच्या दुकानात गेले की काउंटरमागचा टक्कल पडलेला माणूस “नेरुरकर बाई, बसा ना” म्हणून स्टूल पुढे करतो.

माझी नात शर्वरी यंदा पहिलीत आली. तिचं बोट धरून पहिला ‘अ’ मी गिरवून घेणार, हे ती रांगत होती तेव्हाच मी ठरवलं होतं. पण मुख्याध्यापक सामंत सरांनी तिला ‘ब’मध्ये टाकलं. म्हणाले, “बाई, स्वतःची नात स्वतःच्या वर्गात नको. पालक बोलतात.” आणि ‘ब’ला कोण, तर ही कृतिका. बाळकुमची मुलगी, दोन वर्षांची नोकरी, रोज ठाण्याहून येते. पोरांबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसते. खुर्ची नुसती धूळ खात असते.

आमच्या दोन वर्गांमध्ये फक्त लाकडी पार्टिशन आहे. माझ्याकडे पोरं हाताची घडी घालून बाराखडी म्हणत असली की पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. माझ्या पोरांचे कान तिकडे, आणि खरं सांगायचं तर माझेही.

घरी तर विचारू नका. मी पाटी काढून बसवलं की शर्वरी म्हणायची, “आजी, आमच्यात अ अजून आलाच नाही. आधी म, क, र, ब आलेत. आमच्या बाई म्हणतात, त्याचे लगेच शब्द होतात.” पाढे म्हण म्हटलं तर ताटातल्या पुऱ्या दोन-दोनच्या जोड्यांनी मांडून, “हे बे त्रिक सहा, बघ.” पुऱ्या गार होईपर्यंत मी ते बघायचं. प्रत्येक वाक्यात आमच्या बाई. अठ्ठावीस वर्षं सगळ्या डोंबिवलीच्या ‘आमच्या बाई’ मी होते, आणि माझ्याच स्वयंपाकघरात ती पदवी दुसरीला मिळत होती. अंगाचा तिळपापड व्हायचा.

सगळ्यात जास्त मला सलायची ती तिची भिंत. आमच्या वर्गांच्या भिंतींचा खालचा पट्टा काळा रंगवलेला आहे, पोरांचा हात पोचेल इतक्या उंचीचा. माझ्या वर्गात तिथे बाराखडी असते, माझ्या अक्षरात, वर्षभर. कृतिकानं तो पट्टा पोरांना देऊन टाकला होता. प्रत्येकानं घरून आपल्या आवडीचा एक शब्द आणायचा, बाई तो कागदावर लिहून देणार, आणि पोरानं बघून बघून तो खडूनं भिंतीवर लिहायचा. एकतीस पोरांचे एकतीस शब्द. वाकडे, तिरके, कुणाची वेलांटी विसरलेली, कुणाचा काना पुढच्या शब्दात घुसलेला. सामंत सर पाहुण्यांना मुद्दाम ती भिंत दाखवायला न्यायचे. माझ्या वर्गावरून पुढे जायचे.

ऑगस्टमध्ये कृतिका दोन दिवस कल्याणला प्रशिक्षणाला गेली. सामंत सर म्हणाले, “बाई, ‘ब’ तेवढा सांभाळा.” माझी पोरं त्या खोलीत नेऊन बसवली. पासष्ट पोरं, आणि त्यांत तिसऱ्या रांगेत माझी शर्वरी. शेवटी एकदाची माझ्यासमोर.

मला त्या भिंतीकडे पाठ करून शिकवता येईना. एके ठिकाणी ‘निवटी’, म्हणजे खाडीतली मासळी, एके ठिकाणी ‘लादीपाव’, आणि खिडकीखाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, ‘चष्मा’. पहिलीच्या पोरांना ऑगस्टमध्ये जोडाक्षर! आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. अजून धड बाराखडी नाही आणि म्हणे चष्मा.

“बाराखडी लिहायला जागा पाहिजे,” मी म्हटलं. “बादलीतलं फडकं घ्या. पुसा सगळं.”

पोरं जागची हलेनात. साईनाथ नावाचा एक बारका उठून म्हणाला, “बाई, माझा पण?”

“सगळ्यांचे.”

मग पुसायला लागली. पाण्याचे काळे ओघळ फरशीवर आले. ‘चष्मा’ मात्र मी कुणाला पुसू दिला नाही, ओलं फडकं घेऊन स्वतः पुसला. मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मग पट्ट्यावर क का कि की सुरू केलं आणि पासष्ट पोरांकडून खणखणीत म्हणून घेतलं. शर्वरी हात मागे बांधून उभी होती. म्हणत होती सगळ्यांबरोबर. मला वाटलं, बघा, शिस्त लागायला एक दिवस पुरतो.

घरी येताना तिनं माझा हात धरला नाही. दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून चालत राहिली. मी म्हटलं, दमली असेल.

कृतिका परत आली त्या दिवशी मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. उत्तरं पाठ करून. ती दारात उभी राहून भिंतीकडे बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुमचं अक्षर काय सुंदर आहे हो.” बस. पुसली नाही बाराखडी, तक्रार नाही, काही नाही. वरच्या कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथून पोरांनी पुन्हा एकेक शब्द लिहायला सुरुवात केली. मला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. आता तिच्या चांगुलपणाचाही हेवा करत बसा.

त्या रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली पार्किंगमध्ये बिल्डिंगमधली पोरं शाळा-शाळा खेळत होती. शर्वरीनं सुनेची ओढणी साडीसारखी गुंडाळली होती. समोर तळमजल्यावरचा प्रितम आणि अजून तिघं जमिनीवर बसलेले. तीही त्यांच्यात मांडी घालून बसली होती, आणि मधल्या फरशीवर खडूनं शब्द लिहिलेले.

“हळू सांगितलं तरी चालेल,” ती प्रितमला म्हणत होती. “विचार करून सांग. मी थांबते.”

हुबेहूब कृतिका. खेळातसुद्धा तीच. मी टॉवेल ओढून काढला आणि आत जाणार, तेवढ्यात शर्वरी उठून उभी राहिली. ओढणीचा पदर तिनं कमरेला खोचला. शाळेत असा पदर फक्त मी खोचते.

“आता भोईर बाई ट्रेनिंगला गेल्यात,” ती म्हणाली. “मी नेरुरकर बाई. हाताची घडी. बोलायचं नाही. पुसा सगळं.”

“माझा पण?” प्रितमनं विचारलं.

“सगळ्यांचे. माझ्या नातीचा पण पुसलाय मी.”

चपलेनं ती शब्द घासायला लागली. आवाजात राग नव्हता. मी म्हणते तसंच, शेवटचं अक्षर थोडं उचलून. दोन दिवसांत तिनं मला जसंच्या तसं उचललं होतं. पोरगी हुशार आहे, हे मी पहिल्यापासून सांगत आलेय. टॉवेल हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले.

जेवताना तिच्या पानात भात वाढत मी विचारलं, “शर्वू, भिंतीवर तुझा शब्द कुठला होता गं?”

तिनं मान वर केली नाही. “भोईर बाईंना माहितीये.”

“मला सांग ना.”

“तू पुसलास ना,” ती म्हणाली आणि भात कालवायला लागली.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी ‘ब’च्या दारात गेले. अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्याच्या वर्गात काही विचारायला जायची माझ्यावर वेळ आली नव्हती. कृतिका सतरंजी अंथरत होती. मला बघून लगबगीनं उठली.

“उठू नका, उठू नका, मी निघालेच,” मी म्हटलं. “ते भिंतीवर शर्वरीचा शब्द कुठला होता, एवढंच.”

“चष्मा,” ती म्हणाली.

तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

“चष्मा, बाई. मी बोललेली तिला, जोडाक्षर आहे, अवघड जाईल, दुसरा घे. ऐकेचना. म्हणे, आजीचा रोज सकाळी हरवतो आणि मीच शोधून देते. तीन दिवस बघून बघून गिरवला तिनं. आणि एवढा मोठा का, विचारलं, तर म्हणे, आजी वर्गात आली तर तिला लांबून दिसला पाहिजे.”

पलीकडे माझी पोरं यायला लागली होती, बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. मी ‘बरं’ म्हणाले आणि वळले. शर्वरीचा शब्द माझा होता, आणि माझ्याबद्दलचं हे सगळं ती कृतिकाला सांगत होती.