उचललंस, नेलंस कुठे?

"हात गळ्यात टाका, अण्णा. हां. आता माझ्याकडे कला."

अण्णा कलले. जॅकनं गुडघे वाकवले, म्हाताऱ्याला छातीशी धरलं आणि पलंगावरून उचलून खिडकीतल्या खुर्चीत नेऊन बसवलं. रोजचंच काम. पण आज वळताना कमरेतून एक सणक निघाली ती थेट डाव्या टाचेपर्यंत गेली. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि उगाचच पडदा सारखा केला.

"काल किती उचललंस?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. नुसतं शिकवलं."

"शहाणा झालास म्हणायचा."

अण्णांनी सगळी हयात समोरच्या गोदामात पोती वाहण्यात घालवली. त्यांच्या लेखी ओझं म्हणजे इथून उचलून तिथे न्यायची वस्तू. मुलगा जिममध्ये जातो, ढीगभर लोखंड लावलेला बार जमिनीवरून उचलतो आणि परत तिथेच ठेवतो, हे कळल्यापासून त्यांचा एकच प्रश्न होता. "एवढं उचललंस, नेलंस कुठे?" पुढे मुलगा त्याच जिममध्ये मास्तर झाला, त्याच लोखंडावर घर चालवू लागला, तरी प्रश्न काही बदलला नाही. लकव्यानं अण्णांची उजवी बाजू नेली, जीभ मात्र शाबूत ठेवली. आता दिवसभर खिडकीत बसून ते गोदामातल्या हमालांना नावं ठेवत. पहिला ट्रक लागायच्या आत त्यांना खुर्चीत बसलेलं असायला हवं असे, नाहीतर दिवस वाया.

जॅक हे नाव जिममधल्यांनी ठेवलेलं. तरुणपणी त्यानं कुणाच्या तरी पंक्चर झालेल्या गाडीचं मागचं चाक नुसत्या हातांनी उचलून धरलं होतं. आता पन्नाशी आली, केस गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याला ते आवडायचंही.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पाठीच्या एमआरआयची फिल्म उजेडात धरून सरळ सांगितलं होतं. दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, शिरेला टेकली आहे. पुन्हा जड वजन उचललं तर शीर दबेल आणि पाय लुळा पडेल.

"वडलांना उचलावं लागतं रोज," जॅक म्हणाला होता.

"कुणाची तरी मदत घेऊन, सांभाळून उचला. पण तो बार आता विसरा."

बायको शेजारीच बसली होती.  घरी आल्यावर कुलूप उघडताना ती म्हणाली, "अहो, तुमचा पाय गेला तर अण्णांना उचलणार कोण? माझ्यानं होणार आहे का ते?"

खरंच होणार नव्हतं. ती जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होती आणि म्हातारा आडव्या हाडाचा होता.

त्यानं बार विसरायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तोंडानं म्हटलं. जिमच्या मालकाला कमरेचं कळलं तेव्हा त्यानं मोठ्या मायेनं एक गादीची खुर्ची आणून आरशाजवळ ठेवली. "मास्तर, इथे बसून शिकवा." झालं, त्या खुर्चीनंच सगळा घात केला. जॅकला तिच्यात घटकाभर बसवेना. बसला की मांडी हलायची, उठला की येरझाऱ्या सुरू. कुणाच्याही बारची क्लिप उगाच तपासायचा, रॅकवर नीट लावलेली डंबेल्स पुन्हा लावायचा. ज्याच्या जिवावर माणसानं आयुष्य काढलं, तीच गोष्ट समोर पडलेली आणि तिला हात लावायचा नाही. तडफड होणार नाही तर काय.

सणक निघाली त्याच दिवशी संध्याकाळी बँकवाल्यानं दोनशे किलो उचलले.

बँकवाला म्हणजे त्याचाच शिष्य. बँकेत खिडकीवर बसणारा, आला तेव्हा अंगावर मूठभर मांस नव्हतं. जॅकनंच त्याला पाठ सरळ ठेवायला शिकवली. आजवर या जिममध्ये दोनशे फक्त जॅकनं उचलले होते. टाळ्या पडल्या, जॅकनंही वाजवल्या, मनापासून वाजवल्या. मग तो बारवरच्या प्लेटा काढायला वाकला, तर बँकवाला धावत आला.

"राहू द्या मास्तर, तुम्ही बसा. मी काढतो."

पोरगा आदरानं म्हणाला होता, त्यात तिळमात्र खोट नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. कुणी डिवचलं असतं तर जॅकनं हसून सोडून दिलं असतं. दया मात्र त्याला गिळवेना.

तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. डॉक्टरांनी फारच दुखलं तर म्हणून दिलेल्या गोळ्यांपैकी दोन एकदम घेतल्या, आणि त्या लागू होईपर्यंत बाकावर पाय हलवत बसून राहिला. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "दुखणं हा पहारेकरी आहे. त्याला झोपवून आत शिरायचं नाही." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बसल्या बसल्या एकदा त्याला अण्णांची आठवण झाली, बायकोनं कुलूप उघडताना विचारलेलंही आठवलं. तेवढ्यात कमरेतला ठणका विझला आणि त्याला वाटलं, हे आपल्याला जमतं, कायमच जमत आलंय.

बाहेर येऊन त्यानं कमरेचा पट्टा शेवटच्या भोकाला आवळला. "दोनशे पुन्हा चढवा, वर अजून पाच-पाच लावा दोन्हीकडे."

"मास्तर, नको," बँकवाला म्हणाला.

"लाव म्हटलं ना."

बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत आला आणि अडला. पाठ वाकतेय हे जॅकला कळलं. दुसऱ्या कुणाची अशी वाकली असती तर तो ओरडला असता, "सोड!" हात उघडले की संपत होतं. त्यानं हात उघडले नाहीत. कमरेत काहीतरी सरकलं, पण दुखलं नाही, आणि तो सरळ उभा राहिला.

केवढा गलका झाला. त्यानं बार जिथून उचलला तिथेच खाली ठेवला. छाती आनंदानं भरून आली होती, खोटं कशाला बोला.

घरी जाताना डावी चप्पल सारखी पायातून निसटत होती. पट्टा सैल झाला असेल म्हणून त्यानं ती हातात घेतली आणि अनवाणीच चालला.

सकाळी उठला तर डावं पाऊल वर होईना. लाकडासारखं फरफटत होतं. भिंतीला धरत तो अण्णांच्या पलंगाशी आला आणि नेहमीसारखा वाकला.

"हात गळ्यात टाका."

अण्णांनी डावा हात टाकला. जॅकनं जोर लावला. गोळ्या उतरल्या होत्या, आता पहारेकरी जागा होता. म्हातारा गादीवरून तसूभरही हलला नाही आणि जॅक मात्र कण्हत हळूहळू खाली बसला, मग आडवाच झाला. अण्णांचा हात त्याच्या मानेवरून घसरून पलंगाबाहेर लोंबकळत राहिला.

अण्णा म्हणाले, "किती उचललंस काल?"

"दोनशे दहा."

पुढचा प्रश्न अण्णांनी विचारला नाही. ते छताकडे बघत पडून राहिले. जॅकच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानात शिरलं, पुसायला वळताही येईना. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

बायकोनं दाराशी येऊन पाहिलं.  तिनं आधी दवाखान्याची गाडी बोलावली, मग बँकवाल्याला फोन केला. तो कामावर निघालेल्या कपड्यांतच जिने चढत आला आणि मास्तरला जमिनीवर पाहून पांढराफटक पडला.

"मास्तर, तुम्हाला आधी..."

"मला हलवायचं नाही. गाडीवाले हलवतील. अण्णांना खिडकीत बसव. ट्रक लागायची वेळ झाली."

"मला जमेल का?"

"जवळ ये त्यांच्या. अजून जवळ. गुडघे वाकव. पाठ सरळ. छातीशी धर, आणि कमरेतून वळू नकोस, पावलं टाकून वळ." जॅक जमिनीवरून सांगत होता, बँकवाला करत होता. "सावकाश. टेकव आता."

अण्णा खुर्चीत टेकले. बायकोनं त्यांच्या पाठीशी उशी सरकवली. खाली ट्रकचं फळकूट धाडकन पडल्याचा आवाज आला. जॅकला जिथून पडला होता तिथून फक्त खुर्चीचे पाय आणि अण्णांच्या टाचा दिसत होत्या.

"काय आलंय?" त्यानं विचारलं.

"पोती. तिघं जण आहेत." अण्णांनी काचेला नाक लावलं. "एक नवीन दिसतोय. पाठ वाकवून उचलतोय, गाढव." मग त्यांनी मान वळवून खाली जॅककडे पाहिलं. "त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे रे."

"सांगतो," जॅक म्हणाला.