चिमणीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची टेप आहे. माझे आकडे पुसट झालेत, टोकाची पत्र्याची पट्टी केव्हाच निखळली. आता मी खिळ्याला लटकून असते.

कारखान्यातून आले ती थेट मावशींच्या गळ्यात पडले. बायकांचे कपडे शिवणाऱ्या या बाईंना सगळी गिऱ्हाइकं मावशीच म्हणत. "मावशींचा हात म्हणजे हात!" असं कौतुक व्हायचं, आणि त्यातला थोडा वाटा मी गुपचूप स्वतःकडे ठेवायचे.

त्यांची मुलगी लहानपणी काडीसारखी, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं. वयात आली आणि अंगाने भरत गेली. पाळी तर महिनोन्‌महिने यायची नाही. "बरंय, कटकट कमी," मावशी म्हणाल्या. वजनाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. चिमणीचं ताट अर्ध्यावर आणलं, तरी माझा आकडा पुढेच सरकायचा.

"चोरून खातेस!"

"नाही गं आई, शप्पथ!"

मग मावशींनी शिवणकामातलीच शक्कल लढवली. चिमणीचे कपडे मुद्दाम घट्ट शिवायचे, म्हणजे लाजेने तरी बारीक होईल. कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीत जादा पट्टी सोडतात, तीही त्यांनी कापून टाकली. न जाणो, पोरगी गुपचूप उसवायची!

चिमणीने आधी बाहेर जाणं सोडलं, मग जेवण. एका सकाळी मशीनपाशीच चक्कर येऊन पडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचे पाळीचे हार्मोन बिघडलेत. त्याने वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन हार्मोन आणखी बिघडवतं. यात हिचा काय दोष? पाळी चुकायला लागली तेव्हाच आणायचं होतं हिला."

घरी येताच मावशी तिचे कपडे उसवायला बसल्या. एकही सैल होईना. आत पट्टीच उरली नव्हती. त्या ढसाढसा रडल्या, मग मला घेऊन उठल्या.

"ये बाळा, नव्याने माप घेते. छान सैल शिवते."

चिमणी भिंतीला चिकटली. "टेप नको, आई. तू जवळ आलीस की मी अजूनही पोट आत ओढते."

त्या दिवसापासून मी खिळ्यावर आहे. औषध चालू आहे. पण चिमणी आजही अर्धंच ताट घेते, आणि मावशी वाढायला वाकल्या की ताटावर हात आडवा धरते. मला ते बघवत नाही.

मित्रांनो, माझं काही नाही, टेप बाजारात नवी मिळते. पण कुणी जाड दिसलं तर त्याला त्याचं माप सांगू नका. ते त्याला आधीच पाठ असतं.