गोणपाटातली वेबसाइट

फॉर्म भरल्यावर हिरव्या अक्षरात 'धन्यवाद' दिसलं की काम झालं, असं समजणारी येडी मीच!

केनवडले आमचं वावर. तीन वर्षं झाडं निवडून निवडून मी सोयाबीनचं घरचं बियाणं तयार केलं, आन ते विकाले स्वतः वेबसाइट बनवली. माणसानं फॉर्म भरायचा, निरोप माह्या मेलवर यायचा. दीड महिना झाला, एक निरोप नाही. मामाजी, म्हणजे माहे सासरे जानराव, आंधी रोज इचारत. आठ दिवसांपासून तर बोलतच नव्हते. मंगळवारी मात्र सांगून टाकलं, शुक्रवारी टेम्पो येईन, तीसही पोते मार्केटात जातीन. बियाण्याच्या नाही, तेल काढायच्या सोयाबीनच्या भावात!

गुरुवारी मानोऱ्याच्या फय्याजभाईनं कोणाकून तरी नंबर काढून फोन केला. तीनदा फॉर्म भरला, उत्तर काहून देत नाही, म्हणे. तवा माहे डोळे उघडले. फॉर्म धन्यवाद म्हणत होता, पण मेल पोचतच नव्हता.

मी तावातावात मेल पाठवायचं एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटले जोडायचा तयार पुर्जा, सरळ चालू वेबसाइटवर चढवलं. वेबसाइट पांढरीफट्ट. आगीतून फुफाट्यात! बॅकअप होता म्हणून वाचली. मामाजी खाटेवरून पाहून राह्यले होते.

"बियाण्याचे मोजून दाणे आपण आंधी ओल्या गोणपाटात टाकून पाह्यतो, किती उगवते ते," ते म्हणाले. "तू तं डायरेक वावरातच पेरून राह्यली."

राग आला, पण गोष्ट खरी होती. मी वेबसाइटची एक नक्कल केली, बाहेरच्याले न दिसणारी. तिच्यावर एकेक पुर्जा लावून पाह्यला. शुक्रवारी दुपारी चोर सापडला. आमचा फॉर्म गिऱ्हाईकाच्याच पत्त्यावरून मेल पाठवे. मेलवाल्यांले वाटे, ही खोट्या सहीची चिठ्ठी, आन ते परस्पर फेकून देत. मेल आपल्याच पत्त्यावरून, पासवर्ड देऊन निघाला, की बरोबर पोचे. नक्कलेवर तीनदा पाह्यलं, मंगच खऱ्या वेबसाइटवर केलं.

फॉर्मचा एक कप्पा असते, आलेला हरेक निरोप तिथं जमा राह्यते. मी तो कधी उघडलाच नव्हता. आता उघडला तर सतरा निरोप! तीन फय्याजभाईचे, चार दुसऱ्या गिऱ्हाईकांचे. बाकीचे दहाही एकाच माणसाचे. नाव जानराव, गाव केनवड, सारे मामाजीनं बोलणं सोडलं त्या दिवशीचे. "दाणा पहिला. एक पोतं पाहिजे." "दाणा दुसरा. एक पोतं पाहिजे." दहाव्यात लिहिलं होतं, "दहापैकी एकबी उगवला नाही. पोरीले कसं सांगू?"

मले रडूच आलं. अन् या माणसाले मी मनातल्या मनात काय काय बोलली होती!

बाहेर टेम्पो लागला होता, चार पोते चढलेबी होते. मी पळत गेली आन मामाजीच्या हातात त्यांचाच मोबाइल देला.

"मामाजी, पुन्हा दहा टाका."

त्यांनी चष्मा लावला. एका बोटानं फॉर्म भरत बसले. ड्रायव्हर रतनसिंग हॉर्न वाजवून थकला, शेवटी तोही येऊन पाहू लागला. दर खेपेला माह्या मोबाइलवर टिंग होये. दहावी टिंग झाल्यावर मामाजीनं माहा मोबाइल घेतला, बोट ठेवून ठेवून सारे निरोप मोजले, आन पुन्हा एकदा मोजले.

"पोते उतरव, रतनसिंग," ते म्हणाले. "हे बियाणं हाय."