वाटेत पाणी कुठं मिळेल

सत्यशीलाला लेखिका वगैरे व्हायचं नव्हतं. ती नर्स होती. लसीची पेटी खांद्याला अडकवून जिंतूर-येलदरीच्या पट्ट्यातली बारा गावं पायाखाली घालायची, हे तिचं काम, आणि सहा वर्षं ते ती बिनबोभाट करत होती. नवी नर्स बदलून आली की बिचारी पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला यायची. कुठली एसटी कुठवर जाते, कुठल्या फाट्यावर उतरलं की चालणं वाचतं, ओढा भरला तर कुठून वळसा घ्यायचा, हे तिला सांगणार कोण? म्हणून सत्यशीलानं शंभरपानी वहीत सगळं लिहून काढलं होतं. वही या हातातून त्या हातात फिरायची आणि परत येताना तिला हळदीचे डाग पडलेले असायचे.

सत्याऐंशी साली ती लसीकरणाची पत्रकं छापायला परभणीला गेली आणि वही छापखान्याच्या टेबलावर विसरून आली. छापखाना दत्तरावांचा. पत्रिका आणि बिलबुकं छापून उरलेल्या वेळात ते ‘पूर्णाकाठ’ नावाचं चार पानी साप्ताहिक काढायचे आणि चौथं पान भरताना दर आठवड्याला त्यांच्या नाकीनऊ यायचे. त्यांनी सहज म्हणून वही उघडली आणि शेवटपर्यंत वाचूनच खाली ठेवली.

“सिस्टर, हे आमाला द्या,” सत्यशीला वही न्यायला आली तेव्हा ते म्हणाले. “दर आठवड्याला एक तुकडा. काशी-रामेश्वरची वर्णनं वाचून लोक कंटाळलेत. सकाळच्या गाडीनं जिंतूरला जाताना डाव्या खिडकीशी बसावं, उजवीकडं ऊन येतं, हे कुणी लिहीत न्हाई.”

“मला कुठं लिहिता येतंय, साहेब.”

“मग हे काय केलंय तुमी? फक्त एक सांभाळा. नाव-गाव लिहायचं. ‘एका गावी एका सज्जनाने’ असलं आलं की वाचणारा म्हणतो, बाई घरात बसून लिवायलीय.”

असं तिचं सदर सुरू झालं. नाव ठेवलं ‘फाट्यावरून’. येलदरीचं धरण बघायला दुपारी जाऊ नये, भिंतीवर टीचभर सावली नसते, आणि माशाचं कालवण खायचं तर भोयांच्या घरी सकाळीच सांगून ठेवावं. एकट्या बाईनं गाडीत कंडक्टरच्या मागचं बाकडं धरावं. कुठल्या स्टँडवर बायकांच्या मुतारीची किल्ली कँटीनवाल्याकडं असते, हेसुद्धा तिनं लिहिलं. त्यावर दोन प्राध्यापकांनी नाकं मुरडली आणि शंभर बायकांनी दुवा दिला. झरीच्या तात्यारावांचं कार्ड आलं, की तुमचा लेख खिशात घालून येलदरीला गेलो, कालवण मिळालं, घरची मंडळी खूश आहेत, आता औंढ्याचं लिहा. ते कार्ड तिनं आठवडाभर पर्समध्ये वागवलं. आपलं लिहिलेलं वाचून एक माणूस कुठंतरी जाऊन सुखरूप परत आला, याचं तिला फार अप्रूप वाटलं.

पण वहीतली एक गोष्ट तिनं छापायला दिली नव्हती. काही गावांच्या नावापुढं तिनं पेनानं बारीक टिंब दिलं होतं. टिंब म्हणजे इथं जाताना फिरकीचा तांब्या भरून न्यावा. बाकीच्या नर्सांना ते टिंब कधी दिसलं नाही आणि बौद्ध नर्सांना त्याचा अर्थ कधी विचारावा लागला नाही. त्या गावांत लेकराच्या दंडाला सत्यशीलाचा हात चालायचा. बाया आपणहून लेकरू तिच्या मांडीवर द्यायच्या. तिनं पाणी मागितलं की मात्र तिला ओट्याखाली बसायला सांगायचे आणि वरून ओंजळीत ओतायचे. ती प्यायची नाही. छप्पन साली आपल्या बापानं जे टाकून दिलं ते आपण ओट्याखाली बसून परत उचलायचं नाही, एवढं ती जिवापाड जपत होती. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटायची, तरी ती पेटी उचलून चालू लागायची.

टिंबाच्या गावांतही एक घर वेगळं होतं. गावाचं नाव इथं लिहायला नको, का ते पुढं कळेलच. घर किशनरावांचं, चांगली पंचवीस एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याचं. त्यांची आई धुरपताबाई सत्तरीला टेकलेली. पहिल्या वर्षी चैत्रातल्या उन्हात सत्यशीला अंगणात उभी होती, तर म्हातारीनं दारातून हाक मारली.

“आत ये माय. ऊन लय हाय.”

“मावशी, मी बौद्धाची हाय,” सत्यशीलानं आधीच सांगून टाकलं. नंतर कळून अपमान होण्यापेक्षा ते बरं.

“मंग? तहान लागत न्हाई का तुमाला?”

म्हातारीनं तिला थेट चुलीपाशी नेलं आणि भरलेला तांब्या हातात दिला. तेव्हापासून महिन्याच्या फेरीत सत्यशीलाचा दुपारचा मुक्काम तिथंच. पाणी प्यायचं, ज्वारीची भाकरी खायची, घटकाभर पडायचं. सून बायनाबाई गप्प असायची, किशनराव शेतात असायचे. गावाला माहीत असेलही, पण जे कुणी बोलून दाखवत नाही ते गावाच्या लेखी घडलेलं नसतं.

सदर सुरू झाल्यानंतरच्या चैत्रात दत्तरावांनी उन्हाळी अंक काढायचं ठरवलं आणि सत्यशीलाकडं ‘उन्हाळ्यातला प्रवास’ मागितला. वाटेत थंड पाणी कुठं मिळेल, हे सांगायचं होतं. टिंबांचं लिहिणं शक्य नव्हतं, दत्तरावांनी छापलं असतं तरी तिच्या नोकरीला ते झेपलं नसतं. पण म्हातारीचं लिहिता येत होतं. आणि तिला लिहायचंच होतं, सहा वर्षांपासून. तिच्या माणसांत कुणी काही दिलं की देणाऱ्याचं नाव सभेत उभं राहून घ्यायची रीत. विहाराला एक सतरंजी दिली तरी आभार मानताना देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही माईकवर सांगतात. न सांगणं म्हणजे खाल्लेलं विसरणं. सत्यशीलानं मन लावून लिहिलं, आणि गावाच्या नावासकट लिहिलं, की या वाटेवरचं सगळ्यात गार पाणी किशनरावांच्या मातोश्री धुरपताबाई यांच्या घरी मिळतं, त्या जात विचारत नाहीत, चुलीपाशी बसवून हातात तांब्या देतात, आणि असं घर जिल्ह्यात दुसरं नाही.

तिनं ते आईला, पंचफुलाबाईंना, वाचून दाखवलं. पंचफुलाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिला इचारलंस का?”

“चांगलंच लिहिलंय की, माय. त्यात काय इचारायचं?”

“नामांतराच्या ठरावाच्या साली तुज्या मामाचं घर जाळलं. आपल्यावर काय येतं ते आपल्याला ठाव हाय. तिच्यावर काय येईल ते तिलाच ठाव. इचारून ये.”

अंक दोन दिवसांत छापायला जाणार होता आणि तिची फेरी पंधरा दिवसांनी होती. सत्यशीलानं कागद पाकिटात घातला.

पंधरा दिवसांनी ती त्या गावात उतरली तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. किशनरावांच्या दारात बायनाबाई उभी होती. ती बाजूला झाली नाही.

“आत्याबाई गोठ्यात असतात आता,” ती म्हणाली.

गोठ्यात बैलांच्या दावणीशेजारी बाज टाकलेली, कोपऱ्यात एक वेगळी घागर, एक जर्मनची ताटली. धुरपताबाई बाजेवर बसल्या होत्या. सत्यशीलाला बघून त्या हसल्या, आणि तिला तेच सगळ्यात जास्त लागलं.

“लय गोड लिवलंस,” म्हातारी म्हणाली. “मास्तरनं चारदा वाचून दाखिवलं. जल्मात पैल्यांदा माजं नाव छापून आलं बग.”

“मावशी, हे काय झालं?”

मग म्हातारीनं सांगितलं. अंक आधी जिंतुरात पोचला आणि तिथून नातीच्या होणाऱ्या सासरी. नात चांगुणा, किशनरावांची थोरली, वैशाखात तिचं लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की ज्या घराच्या चुलीला बाट लागलाय तिथली पोर आम्हाला चालणार नाही, छापून आलंय ते खोटं असेल तर तसं छापून आणा. भावकी बसली. किशनरावांनी आईची बाज उचलून गोठ्यात टाकली.

“पोरगी जेवंना झालीय. आठ दिस झाले,” म्हातारी म्हणाली. “आता तू लिव की म्या पानी दिलं न्हाई.”

सत्यशीला बाजेच्या कडेला टेकली.

“नुसतं न्हाई म्हनलं तर खरं वाटायचं न्हाई. आसं लिव, की भाईर बसिवलं, वरून ओतलं. तू आपली शोभा आनायला वाढवून लिवलंस.”

“मावशी, तसलं पाणी मी कुठंच पेत न्हाई.”

“ठाव हाय मला,” धुरपताबाई म्हणाल्या. “म्हनून तर घरात घेतलं व्हतं तुला.”

बाहेर ऊन रणरणत होतं आणि सत्यशीलाचा तांब्या फाट्यावरच संपला होता. घागर हाताच्या अंतरावर होती. म्हातारीनं विचारलं नाही आणि तिनं मागितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या घरातून तहानलेली निघाली, आणि दोष कुणाला द्यावा हे तिला कळेना. खरं तर कळत होतं. विचारायला एक दिवसाची रजा पुरली असती.

दत्तराव ऐकून उसळले. “खोटं छापायचं? उलट केस ठोकू. कायदा हाय आपल्याकडं. मोर्चा नेऊ गावावर.”

“मोर्चा परत आल्यावर म्हातारी गोठ्यातच राहील, साहेब. आणि पोरगी घरात.”

“तुमच्या माणसांना काय सांगणार तुमी? ओट्याखाली बसून पाणी पेलं म्हणून?”

“तेच सांगणार,” ती म्हणाली. “तुमी नाव-गाव लिहा म्हणलात, मी लिहिलं. आता हेपण नाव-गावासकट छापा.”

दत्तरावांनी कागद पुढं ओढला. पुढच्या अंकात ‘फाट्यावरून’च्या जागी चौकटीत खुलासा आला. उन्हाळी अंकात माझ्या हातून चुकीचा मजकूर लिहिला गेला. सदर गावी श्रीमती धुरपताबाई यांच्या घरात मी कधीही गेलेली नाही. त्यांनी मला अंगणात बसवून रिवाजाप्रमाणे वरून पाणी दिले व मी ते प्यायले. लेखाला शोभा यावी म्हणून बाकीचे मी रचले. सदर कुटुंबास झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे. खाली तिचं पूर्ण नाव.

वस्तीत तो अंक सगळ्यांनी वाचला. नामांतराच्या मोर्चात दोनदा जेलात जाऊन आलेला नागनाथ, तिचा चुलतभाऊ, घडी केलेला अंक घेऊन दारात आला. “ताई, ओंजळीनं पेलीस तू?” त्यानं विचारलं. त्याला खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते जिंतुरात पोचलं असतं. ती “हो” म्हणाली. नागनाथनं अंक उंबऱ्यावर ठेवला आणि तो गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. पंचफुलाबाईंना सगळं ठाऊक होतं. तरी विहारात बायका समोरून उठून जायच्या तेव्हा त्या मान खाली घालून बसायच्या. सदर पुन्हा लिहायला सत्यशीलानं नकार दिला. तात्यारावांचं आणखी एक कार्ड आलं होतं, त्याला तिनं उत्तर टाकलं नाही.

चांगुणाचं लग्न झालं. वरात फाट्यावरून गेली, असं एसटीचा कंडक्टर म्हणाला.

ज्येष्ठाच्या फेरीला ती त्या गावात गेली. लस टोचायला बाया मारुतीच्या पारापाशी जमल्या होत्या, पुरुष वर बसले होते. धुरपताबाईंची बाज पुन्हा घरात गेली होती, त्या पारासमोरच्या आपल्या ओट्यावर दिसत होत्या. काम उरकून सत्यशीला निघाली तशी भावकीतले माणिकराव पारावरून म्हणाले, “नर्सबाई दमल्या. पाजा की धुरपताकाकू त्यांना पानी. पेपरात लिवलंय तसं.”

कुणी हसलं नाही. सगळे बघत होते. नको म्हणायची तिला सवय होती. बारा गावांत ती नको म्हणत आली होती. पण आज नको म्हटलं तर उद्या चांगुणाच्या सासरी पुन्हा निरोप जाणार, हे पारावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही कळत होतं.

म्हातारी तांब्या भरून ओट्याच्या कडेला आली. सत्यशीलानं पेटी खाली ठेवली, ओट्याखाली उकिडवी बसली आणि ओंजळ पुढं केली. निम्मं पाणी कोपरांवरून मातीत जात होतं. उरलेलं ती प्यायली. तिला भयंकर लाज वाटली, आणि वर बघितलं तर म्हातारी डोळे मिटून ओतत होती.

“आजून?” धुरपताबाईंनी विचारलं.

“बास,” ती म्हणाली. मावशी हा शब्द तोंडात आला होता, तो तिनं गिळला. पदरानं हनुवटी पुसून तिनं पेटी उचलली आणि पुढच्या गावाची वाट धरली.