न दुखणारे पाय

टक्. टक्. टक्.

भर दुपार. धाकटा नुकताच झोपला होता, घर अगदी चिडीचूप. पाळण्याची दोरी सोडून मी कान दिला. आवाज सासूबाईंच्या पावलांबरोबर फरशीवरून स्वयंपाकघराकडे चालला होता.

“आई, थांबा. पाय वर करा बरं.”

नव्या बुटाच्या पातळ तळाला पितळी ड्राइंग पिन रुतली होती, माझ्या लेकीच्या, रूपाच्या शाळेच्या तक्त्यातली. बूट काढला तर मोजा रक्ताने चिकटलेला. पिनेचं टोक तळ भेदून टाचेत गेलं होतं.

“सकाळपासून पोह्यांच्या ठेल्यावर उभ्या होतात! समजलं नाही?”

“काईच नाई दुखलं ना बाई!” आईंचा चेहरा उजळला. “हाच तं चमत्कार हाय!”

हा चमत्कार साकोलीच्या बाजार मैदानावर गेल्या रविवारी अवतरला. भगवा टी-शर्ट, कानाला माइक, नाव योगेंद्रजी धरतीसखा. पुढे तोबा गर्दी. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं, जिममधले दंडवाले, आणि आमच्या आईंसारख्या दिवसभर उभ्यानं तर्री-पोहे विकणाऱ्या बाया.

“माताओ, भाइयो! बुटाचा जाड तळ ही तुमच्यात आणि धरतीमातेत उभी राहिलेली भिंत आहे! धरतीस्पर्श पादुका घाला आणि अनवाणी चालण्याचा आनंद घ्या! गुडघा, कंबर, शुगर, सगळं ती खेचून घेते!”

निम्मी गर्दी भाताच्या रोवणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात राबणारी. तिला हा माणूस अनवाणीपणा विकत होता, तोही डब्यात घालून. आणि लोक माना डोलवत होते.

मग त्याने आईंना पुढे बोलावलं. पाय जुळवून, उजवा हात बाजूला सरळ धरायला लावला. पायात त्यांची नेहमीची चप्पल. त्याने हात दाबला, आई कोलमडल्या. मग पादुका, म्हणजे ते पातळ तळाचे बूट, घातले. तसाच हात, तसाच दाब, आणि आई खांबासारख्या उभ्या! टाळ्यांनी मैदान दणाणलं. डॉक्टरीणबाईंनी साखरेच्या पायांसाठी दिलेली ती मऊ, जाड तळाची चप्पल आईंनी त्याच संध्याकाळी मोरीमागे फेकली.

पिन निघाल्यावर मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

“साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात, शोभाताई,” डॉक्टरीणबाई जखम धूत मला म्हणाल्या. “दुखत नाही म्हणूनच धोका आहे. अशीच एखादी जखम लक्षात आली नाही, चिघळली, तर पाय कापायची पाळी येते. हे बूट बंद.”

आम्ही घरी आलो. उंबऱ्यात पाय ठेवताच आई म्हणाल्या, “डॉक्टर काई म्हणो. मी सगळ्यायसमोर उभी राहिली का नाई? तूच सांग.”

पट्टी बांधलेला पाय त्यांनी पुन्हा त्याच बुटात घातला.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी ओसरीवर सापडलं. आमची सहा वर्षांची रूपा आजीबरोबर मैदानावरल्या बाबाचा खेळ खेळत होती. डोक्याला माझी ओढणी, हातात लाटणं. “माताओ! हात सरळ धर ना आजी!” तिने मनगट धरून दाबलं, आजी भिंतीवर रेलली. “आता बूट घातले समज.” पुन्हा दाबलं. आजी हलली नाही.

मी परात ठेवून बाहेर आले. “रूपा, हे कसं केलंस गं?”

“बाबा करते तसं. पयले मनगट बाहेर दाबते. मंग कोपराजवळ, पोटाकडं दाबते. मी समोरच बसली होती, मले दिसलं.”

एवढंच! हात दूर रेटला की माणूस कलतो, अंगाकडे दाबला की जमिनीत रोवल्यासारखा उभा राहतो. बुटाचा संबंध शून्य.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी मैदानावर गेलो. आईंचा हट्ट होता, “पोट्टीचा खेळ वेगळा, त्यायची शक्ती वेगळी.” मी गर्दीतूनच ओरडले, “बाबाजी, आज माझी पोरगी दाबेल! चालेल ना?”

लोक हसले. नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नाही. आईंच्या पायात पादुका, रूपा स्टुलावर उभी. तिने मनगट बाहेर दाबलं मात्र, आई थेट माझ्या खांद्यावर आल्या. मग पादुका काढून, मी मोरीमागून उचलून आणलेली मऊ चप्पल घातली, कोपर आत दाबलं. आई जागच्या हलल्या नाहीत.

“बच्ची की ऊर्जा नकारात्मक है!” बाबा किंचाळला.

“बाप्पा! सहा वर्साच्या पोरीनं पाडलं तुमच्या धरतीमातेले?” मागून एक भरतीवाला पोरगा ओरडला, आणि मैदानभर हशा उसळला. तरी गर्दीतल्या दोघीजणी आपल्या मापाच्या बुटांची चौकशी करतच होत्या, हेही सांगायला हवं.

पातळ तळाचे बूट वाईट नसतात. निरोगी पायांची माणसं हळूहळू सवय करून ते घालून धावतात, वजनं उचलतात, उभ्यानं कामं करतात. पण बूट म्हणजे बूट. तो साखर उतरवत नाही, औषधाची गोळी सोडवत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी हात कुठे दाबला ते बघा. आणि साखर असलेल्या आपल्या माणसाचे तळवे रोज रात्री उलटून पाहा. देवाला हात जोडण्याइतकाच वेळ लागतो.

त्या संध्याकाळी आईंनी निमूट पाय माझ्या मांडीवर दिला. मैदानात जेवढ्या ताठ उभ्या राहिल्या होत्या, तेवढ्याच आता लहान दिसत होत्या. मी जखमेवर झोंबणारं औषध ओतलं. त्यांचा पाय जरासुद्धा आखडला नाही; त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

रूपा वाकून टाचेकडे बघत होती.

“मम्मी, दुखत नाई म्हणजे बिमारी हाय ना?”

“हो गं राणी.”

“मंग आजीचा पाय पुन्हा दुखाले कवा लागन?”